आधी जोडा, मग सुई

काशीला जाऊन आलेली आपली माणसं घाटांबद्दल सांगतात, आरतीबद्दल सांगतात, गल्ल्यांतल्या गर्दीबद्दल सांगतात. पायांबद्दल कोणी सांगत नाही. मला अमृतराव घाटावर पायांबद्दलच बोलायचं आहे, त्यातही टाचेबद्दल.

या घाटाला आज राजा घाट म्हणतात. मालवीय पुलाजवळचा राजघाट वेगळा, रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर भलतीकडे उतराल. दशाश्वमेधाहून दक्षिणेकडे चालत निघालात की पांडे घाटाच्या पुढे, नारद घाटाच्या अलीकडे हा लागतो. राघोबादादांनी दत्तक घेतलेले अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी करार करून, सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले आणि पुढे काशीत राहिले. १८२४ साली ते वारले. घाटाचं दगडी बांधकाम त्यांचं. इतिहास एवढा पुरे, कारण मला ज्याची चिंता आहे ती त्या दगडावर रोज पडणाऱ्या अनवाणी पावलाची.

भटजी अनवाणी, यजमान अनवाणी, देवळाचा सेवेकरी अनवाणी. पंचक्रोशीची यात्रा करणारा माणूस मणिकर्णिकेवर संकल्प सोडतो आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत पाच दिवसांत साधारण ८० किलोमीटर चालतो. श्रद्धा मोठी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण महिनोन्महिने सकाळी अंथरुणातून उठताना ज्याचं पहिलं पाऊल जमिनीला टेकत नाही, त्याला आज आपण काय देतो? शॉकवेव्हचं यंत्र देतो, पीआरपीचं इंजेक्शन देतो, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया देतो. बरी चप्पल आणि पायाचे दोन व्यायाम मात्र देत नाही. माझा राग या उलट्या क्रमावर आहे.

आधी दुखणं काय आहे ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. पायाची कमान त्याने धनुष्याच्या दोरीसारखी बांधून धरलेली असते. आपण टाच उचलून पुढे जातो तेव्हा बोटं मागे वाकतात, हा पडदा ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. चालताना हे प्रत्येक पावलाला होतं. पायरी चढताना जास्त होतं. उंच पायरी, कठीण दगड, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी आणि दिवसभर उभं राहण्याचं काम एकत्र आलं, की टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे पडदा हाडाला चिकटतो, तिथे तो हळूहळू झिजू लागतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पडदा आखडून बसतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. कळ मस्तकात जाते ती तेव्हा. चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हे होतं, बहुतेकांना चाळिशी ते साठीच्या दरम्यान.

मग माणूस एक्स-रे काढतो. त्यात टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं आणि निकाल लागतो, "हाड वाढलंय." घराघरात हेच वाक्य. हाड वाढलंय म्हटलं की ते कापायला हवं असं वाटतं, आणि तिथून पुढच्या महागड्या वाटेचं दार उघडतं. खरी गोष्ट अशी की असं टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये सापडतं, आणि ज्यांची टाच रोज ठणकते अशा पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये ते नसतं. टोक तसंच राहतं आणि दुखणं जातं, हा बरे झालेल्यांचा नेहमीचा अनुभव. तेव्हा एक्स-रेवर बोट ठेवून कोणी शस्त्रक्रियेची तारीख द्यायला लागला तर तिथून उठा.

दुसरा गैरसमज सुजेचा. वर्षानुवर्षं या दुखण्याला सूज म्हटलं गेलं आणि सूज मारणाऱ्या गोळ्या दिल्या गेल्या. २००३ साली अमेरिकेतल्या पायाच्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० पडद्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सुजेच्या खुणा नव्हत्या. तंतू विस्कटलेले होते, झिजलेले होते. जुनाट टाचदुखी म्हणजे झीज, आणि झिजलेल्या तंतूला पुन्हा बळकट करायला हळूहळू वाढवत नेलेला भार आणि वेळ लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी उपचारपद्धती आपोआप रांगेत उभी राहते.

आणि रांगेत पहिला नंबर फुकट उपायांचा आहे. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, तळव्यातला पडदा ताणलेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे, दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातलं पहिलं सकाळी पाऊल जमिनीला लावण्याआधी अंथरुणातच. अमेरिकेत रॉचेस्टरच्या डॉक्टरांनी २००३ साली १०१ जुनाट रुग्णांवर हा व्यायाम तपासला. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा तळवा ताणणारे जास्त सुधारले. दोन वर्षांनी ज्यांच्याशी पुन्हा संपर्क झाला त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक समाधानी होते.

दुसरा व्यायाम डेन्मार्कचा, २०१५ सालचा. पायरीच्या कडेवर चवडा टेकवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं मागे वाकलेली राहतात, आणि एका पायावर टाच वर न्यायची. वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद, खाली यायला तीन सेकंद. एक दिवसाआड. जमेल तसं पुस्तकं भरलेली पाठपिशवी घेऊन वजन वाढवायचं. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले, हेही त्याच अभ्यासात आहे आणि मी ते लपवणार नाही. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर पायरी वापरा. टाचेला दुखवणारी पायरीच तिला बळकट करते. पण घरच्या कोरड्या जिन्याची, कठडा धरून. घाटावरच्या शेवाळलेल्या पायरीवर हा प्रयोग कोणी करू नये.

याच्या जोडीला वजन थोडं उतरवणं, टाचेखाली मऊ आधार, फार उभं राहावं लागत असेल तर मधूनमधून बसणं. आपल्याकडे तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकतात. शेकून त्या वेळेपुरतं बरं वाटतं, तर खुशाल शेका. फक्त मधुमेह असून पाय बधिर झाला असेल तर शेक घेऊ नका. चटका बसल्याचं कळत नाही आणि जखम चिघळते.

एवढं केलं तर दहातल्या आठ-नऊ जणांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरी होते. वर्ष फार वाटतं, मला कळतं. सकाळच्या त्या पहिल्या पावलाला वर्ष हा शब्द शिवीसारखा लागतो. म्हणूनच चटकन आराम विकणाऱ्याचं फावतं. जो डॉक्टर दहा मिनिटं घालवून व्यायाम करून दाखवतो त्याला त्या दहा मिनिटांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. जो यंत्राच्या पाच बैठका लिहून देतो त्याला मिळतात. रुग्णालाही कागदावर काढलेल्या व्यायामापेक्षा यंत्राचा आवाज जास्त खरा वाटतो. दोघांनी मिळून क्रम उलटा केला.

आता यंत्राकडे वळू, कारण ते टाकाऊ मुळीच नाही. शॉकवेव्ह म्हणजे शरीराबाहेरून दिलेल्या दाबाच्या लहरी. १९८० साली म्युनिकमध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाचा मूतखडा फोडला. पुढे हाडं-स्नायूंच्या दुखण्यावर त्या वापरल्या जाऊ लागल्या आणि २००० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी टाचेसाठी पहिल्या यंत्राला मान्यता दिली. त्या मान्यतेतली अट वाचण्यासारखी आहे. दुखणं सहा महिने जुनं हवं आणि साधे उपाय करून झालेले हवेत. पहिल्याच भेटीत यंत्राखाली पाय ठेवायला सांगणाऱ्या दवाखान्यात ही अट कुठे जाते?

पुरावाही सरळ रेषेत आलेला नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना खऱ्या लहरी, काहींना नाममात्र. तीन महिन्यांनी दोन्ही गटांना सारखाच आराम. २००३ साली जर्मनीत २७२ रुग्णांवर तसंच झालं. त्यावर यंत्राच्या बाजूच्यांनी आक्षेप घेतला की जर्मन चाचणीत टाच आधी बधिर केली होती, आणि बधिर केल्याने लहरींचा परिणाम कमी होतो. आक्षेपात तथ्य होतं, पुढच्या अभ्यासांनी ते दाखवलं. मग २०१५ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे २५० रुग्ण, सगळे सहा महिन्यांहून जुने, सगळ्यांचे साधे उपाय थकलेले. बधिर न करता आठवड्याला एक अशा तीन बैठका. खऱ्या यंत्राच्या गटात वेदना ६९ टक्क्यांनी उतरली, खोट्या यंत्राच्या गटात साडेचौतीस टक्क्यांनी.

या दोन आकड्यांवर जरा थांबा. पहिला आकडा सांगतो की जुनाट, हट्टी टाचेवर शॉकवेव्ह काम करते. दुसरा आकडा सांगतो की लहरी न सोडणारं यंत्र नुसतं पायाला लावलं तरी एक तृतीयांश वेदना जाते. वेळेने जाते, आशेने जाते, कोणीतरी नीट लक्ष दिलं म्हणून जाते. जाहिरातीत बरा झालेला रुग्ण बोलतो तेव्हा त्याच्या आरामातला किती वाटा यंत्राचा आणि किती वाटा काळाचा, हे त्याला सांगता येत नाही. डॉक्टरलाही येत नाही. ते फक्त अशा चाचणीला सांगता येतं. म्हणून "आमच्याकडे नव्वद टक्के रुग्णांना फरक पडतो" हे वाक्य ऐकलं की विचारा, कोणाच्या तुलनेत?

आणखी एक विचारा. यंत्र लहरी एका बिंदूवर खोल गोळा करणारं आहे, की हवेच्या दाबाने वरवर पसरणारं? दोन्हींना शॉकवेव्ह म्हणतात. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या आणि किमतीही वेगळ्या. दवाखान्यात आहे त्या यंत्राचा पुरावा मागणं हा उद्धटपणा नाही.

स्टेरॉइडचं इंजेक्शन नवं नाही, पण सर्वांत जास्त दिलं जातं म्हणून त्याचं सांगतो. त्याने फरक पडतो, साधारण महिनाभर. त्यानंतर इंजेक्शन घेतलेला आणि न घेतलेला यांत फारसं अंतर उरत नाही, हा अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ साली काढलेला निष्कर्ष आहे. पुन्हापुन्हा घेतलं तर तळव्याचा पडदा फाटण्याचा धोका असतो, टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होण्याचा धोका असतो. ती गादी एकदा गेली की परत येत नाही. ज्याला उरलेलं आयुष्य दगडी पायऱ्यांवर अनवाणी काढायचं आहे त्याच्यासाठी हा फार महागडा सौदा. मधुमेह्याची साखरही या इंजेक्शनने काही दिवस वर जाते. मुलीच्या लग्नाच्या चार दिवसांसाठी कोणी एक इंजेक्शन घेतलं तर मी समजू शकतो. दर तीन महिन्यांनी टोचणाऱ्याला मी समजू शकत नाही.

पीआरपीत रुग्णाचंच रक्त काढतात, यंत्रात गरगरा फिरवून त्यातला रक्तबिंबिकांनी भरलेला भाग वेगळा करतात आणि टाचेत सोडतात. काही चाचण्यांत त्याचा आराम स्टेरॉइडपेक्षा जास्त काळ टिकला, काहींत फरक दिसला नाही. अडचण अशी की प्रत्येक दवाखान्याचं मिश्रण वेगळं, रक्तबिंबिका किती हे बहुतेक ठिकाणी मोजतही नाहीत. सोनोग्राफीत पाहत पडद्यात सुई घालून तिच्या कंपनांनी झिजलेला भाग फोडून शोषून घेणारं तंत्र आहे. मज्जातंतूला उष्णता देऊन वेदनेची वाट बंद करणारं रेडिओफ्रिक्वेन्सीचं तंत्र आहे. योग्य रुग्णाला ही उपयोगी पडतात, मोठ्या आणि कडक चाचण्या मात्र अजून थोड्या आहेत. यांच्यावर मी एवढंच म्हणतो. ज्याने वर्षभर प्रामाणिकपणे सगळं केलं आणि ज्याला शस्त्रक्रिया टाळायची आहे, त्याने तज्ज्ञाशी बोलून यांचा विचार करावा. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

शेवटी शस्त्रक्रिया. १९९१ सालापासून दुर्बिणीतून पडदा सैल करता येतो. छोट्या छिद्रातून होते, त्याच दिवशी घरी सोडतात, हे सगळं खरं. पण तो पडदा पायाची कमान धरून असतो. बेताने आतला थोडा भाग कापला तर ठीक. जास्त कापला तर कमान बसते आणि पायाची बाहेरची कड दुखू लागते. टाच गेली आणि पाऊल आलं, असा व्यवहार.

काशीत उभं राहून सुश्रुताचं नाव न घेणं अन्यायाचं होईल. सुश्रुतसंहितेत गुरू म्हणून बोलतो तो काशीराज दिवोदास धन्वंतरी. त्या संहितेच्या निदानस्थानात वाकडंतिकडं पाऊल पडल्याने जडणाऱ्या घोट्या-टाचेच्या दुखण्याला वातकंटक म्हटलं आहे. वाग्भटाने त्यात श्रमाची भर घातली. आजची कारणं यापेक्षा फार वेगळी नाहीत. पुढच्या ग्रंथांनी त्यावर सुईने डाग देण्याचा उपाय सांगितला, आणि आजही आयुर्वेदाच्या रुग्णालयांत तापवलेल्या धातूच्या शलाकेने टाचेला अग्निकर्म करतात. म्हणून सुश्रुताला रेडिओफ्रिक्वेन्सी माहीत होती असलं काही मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्याचा अपमान आहे. मला त्याच्या अग्निकर्माच्या अध्यायातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणाला डाग द्यायचा याच्याइतक्याच काळजीने त्याने कोणाला द्यायचा नाही हेही लिहून ठेवलं. बालक, वृद्ध, दुबळा, भित्रा, अंतर्गत रक्तस्राव असलेला, अंगावर पुष्कळ जखमा असलेला. शरद आणि ग्रीष्म ऋतूंत शक्यतो नको. उपचाराच्या पत्रकावर "हा उपचार यांच्यासाठी नाही" अशी ओळ छापणारा एक आधुनिक दवाखाना मला दाखवा.

आणि तपासून पाहण्याचं म्हणाल तर त्याचाही धडा याच शहरात आहे, शिवाय मराठी माणसाच्या हातचा. काशी हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी भगंदरावरच्या क्षारसूत्राला पुन्हा उभं केलं. औषधाचे लेप दिलेला दोरा, तो ठरल्या अंतराने बदलत जायचा. ग्रंथात आहे म्हणून माना, असं म्हणून काम थांबलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटले, अर्ध्यांना क्षारसूत्र, अर्ध्यांना शस्त्रक्रिया, आणि १९९१ साली निकाल छापला. क्षारसूत्राची जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेची चारमध्ये भरली. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होतं. उणी बाजू लपवली नाही, म्हणून अधिक बाजू जगाला मान्य करावी लागली. टाचेच्या अग्निकर्माला हाच निकष लावा, पीआरपीला हाच लावा, शॉकवेव्हला हाच लावा. जुनं आहे म्हणून सूट नको आणि नवं आहे म्हणूनही नको.

तुमच्यापैकी कोणाला उद्या सुई किंवा यंत्र सुचवलं गेलं, तर सही करण्याआधी स्वतःला विचारा की मी सहा महिने खरंच व्यायाम केला का, की चार दिवस करून सोडला. डॉक्टरांना विचारा की निदान कशावरून केलं. सोनोग्राफीत पडदा चार मिलिमीटरहून जाड दिसला का? किती बैठका, एकूण खर्च किती, आणि फरक पडला नाही तर पुढे काय? महाराष्ट्रात रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी असा नियम २०२१ पासून आहे. ते लावलेलं नसेल तर मागा. विम्यातून मिळेल असं तोंडी सांगितलं तर विमा कंपनीकडून लेखी घ्या.

काही टाचा मात्र थांबायच्या नसतात. तरुण मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी तासभर कंबर आखडलेली असते, तर तो कदाचित मणक्याचा संधिवात आहे. त्याला संधिवाताच्या डॉक्टरकडे न्या, टाचेच्या यंत्राकडे नको. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येते आणि अलीकडेच चालणं एकदम वाढलेलं आहे, तर हाडाला बारीक चीर असू शकते. वारीहून, पंचक्रोशीहून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. मुंग्या, आग, बधिरपणा असेल तर मज्जातंतू, साखर आणि बी-१२ तपासा. रात्री झोपेतही ठणका थांबत नाही, ताप आहे, वजन उतरतंय, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आता जोड्याबद्दल. काशी विश्वनाथ धामाच्या आवारात चामड्याची आणि रबराची पादत्राणं चालत नाहीत. त्यामुळे तिथले पुजारी, सेवेकरी, पहारेकरी, सफाई कामगार थंडीतही बहुतेक अनवाणी काम करत. जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी तिथे तागाचे १०० जोड पाठवले. बातमी आली, छायाचित्रं आली आणि विषय मिटला. मला ती बातमी फार मोठी वाटते. पावित्र्याचा नियम न मोडता पाय वाचवता येतो, याचा तो पुरावा आहे. मग असे जोड प्रत्येक मोठ्या देवस्थानात सेवकांच्या गणवेशात का नाहीत? पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर, शिर्डी, कुठेही चार-आठ तास दगडी फरशीवर उभं राहणारी माणसं आहेत. तागाचा, कापडाचा, जाड तळव्याचा जोडा देवाला विटाळत नाही.

घरीही तेच. आपल्या नव्या घरांत शहाबादी फरशी गेली, तिच्या जागी गुळगुळीत टाइल आणि ग्रॅनाइट आलं, आणि ओट्यापाशी दोन-दोन तास उभी राहणारी बाई अनवाणीच राहिली. घरात चप्पल नको, हा नियम बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून होता. घरातली वेगळी, धुतलेली, मऊ चप्पल कोणती घाण आणते? टाच दुखणाऱ्या बाईला सासूबाईंची, आईची किंवा देवघराची परवानगी मागावी लागू नये. दुकानात एमसीआर चप्पल मागा. हे बारीक छिद्रांचं मऊ रबर आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरात आलं आणि तिथून तुमच्या-माझ्या टाचेपर्यंत पोहोचलं. शॉकवेव्हच्या एका बैठकीच्या पैशात असे दोन-चार जोड येतात.

श्राद्धात छत्री आणि जोडा दान देण्याची रीत आपल्याकडे आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तिची कथा आहे. जमदग्नींनी सोडलेले बाण आणून देताना रेणुकेचे पाय आणि डोकं उन्हाने पोळलं, ऋषी सूर्यावर संतापले, आणि सूर्याने येऊन छत्री आणि पादत्राण हाती दिलं. माहूरच्या रेणुकेसाठी साक्षात सूर्याने जोडा आणला, आणि आपण मात्र दानाच्या यादीतला जोडा भरतो तो दुकानातला सर्वांत स्वस्त, पातळ, कोणाच्याच मापाचा नसलेला. तो कोणी घालत नाही, पुढच्या यजमानाकडे जातो.

यंदा काशीला कार्य करायला जाणार असाल तर निघण्याआधी गुरुजींना फोन करून पायाचं माप विचारा, आणि जाड, मऊ तळव्याचा चांगला जोड घेऊन जा. देवळात तो काढतील, घाटाच्या पायऱ्या आणि घरची वाट तरी त्यावर चालतील. सोबत सकाळचा व्यायाम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.